लाकडाच्या बैलाची एंट्री

“आंगठा डावा लावू का उजवा?”

आजीनं हे विचारलं तेव्हा माझ्या मांडीवर 43 संमतीपत्रांचा गठ्ठा होता आणि बाजूला स्टॅम्प पॅड. म्हटलं, “कोणताबी लाव आजी, कोर्टाचं काम नाही हे.”

“मंग कायचं हाय?”

“टीव्हीच्या बक्षिसाचं.”

शाई लागलेला अंगठा तिनं तसाच हवेत धरला. “बक्षीस कोन देऊन राह्यलं?”

“युरोपातले लोक.”

“आपल्याले? कायले?”

तिच्या नातवाचा लाकडी बैल टीव्हीवर दिसला होता, म्हणून. एवढं साधं उत्तर होतं, पण ते देताना मलाच खोटं वाटत होतं.

माझा यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला फोटो स्टुडिओ आहे. लग्न, वास्तू, तेरवी, शाळेचं गॅदरिंग, ज्याचं बोलावणं येईल तिकडे कॅमेरा घेऊन जायचं. राहतो मात्र गावातच. सप्टेंबर 2023 मध्ये पुण्याहून एक मॅडम आल्या. लहान मुलांसाठी 14 मिनिटांची फिल्म करायची होती, विषय तान्हा पोळा. त्यांना दुसरा कॅमेरा हवा होता आणि गावात कुणाच्या वाड्यात शिरता येतं, कुणाच्या येत नाही हे सांगणारा माणूस. दोन्ही कामं एकातच पडली, म्हणून मी स्वस्तात पडलो.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळा मोठ्या बैलांचा. आदल्या दिवशी खांदेमळणी, बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून त्याच्या कानाशी म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, तोरण, झडत्या म्हणजे पोळ्याची यमकाची गाणी, आणि मग घरोघर बैलाची पूजा. त्याच्या पुढचा दिवस पोरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे पोळ्याचे खाऊ-पैसे, मागतात. त्या साली पोळा 14 सप्टेंबरला होता, तान्हा पोळा 15 ला. मॅडम म्हणाल्या, 15 सप्टेंबर हा दूरदर्शनचा वाढदिवस, 1959 साली दिल्लीत त्याच दिवशी सुरू झालं. मला तो शकुन वाटला. शकुन मला फार लवकर वाटतात.

फिल्ममधला मुख्य पोरगा आठ वर्षांचा. त्याचा बैल आजोबांच्या लहानपणचा, सागवानाचा, एक शिंग तुटून पुन्हा बसवलेलं. बाकीच्या पोरांकडे बाजारातले चकचकीत रंगवलेले बैल, याच्या बैलाला नुसतं तेल चोळलेलं. तेवढीच गोष्ट. डिसेंबरात फिल्म लागली, गावानं बघितली, विषय संपला असं मी धरून चाललो होतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मॅडमचा फोन. फिल्म स्पर्धेला पाठवतोय, महिनाअखेर शेवटची तारीख, आणि अर्धी कागदपत्रं तुमच्या गावातून यायची आहेत.

तोपर्यंत माझी समजूत अशी, की पुरस्कार मिळतात. म्हणजे कुणीतरी मोठी माणसं वर्षभर सगळं बघतात आणि चांगलं दिसलं की बोलावतात. असं काही नसतं. तुम्ही अर्ज करायचा, शुल्क भरायचं, आपण कोणत्या गटात बसतो ते आपणच ठरवायचं, आपण चांगले का आहोत तेही आपणच ठरलेल्या शब्दांत लिहायचं. एमी हे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं बक्षीस, त्यालाही हेच आणि न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय एमीलाही हेच. घरकुलाचा अर्ज नि हा अर्ज यात फरक एवढाच की इथं तलाठ्याचा दाखला लागत नाही. बाकी सगळं लागतं.

पडद्यावर ज्याचा चेहरा ओळखू येतो त्या प्रत्येक मुलाच्या आईबापाची सही हवी. शूटिंगच्या वेळी मॅडमनी सरपंचांचं एक पत्र घेतलं होतं, ते तिथं चालणार नव्हतं. मी फिल्म थांबवत थांबवत चेहरे मोजले, 43 भरले. इंग्रजी फॉर्मचं मराठी केलं, झेरॉक्स मारल्या आणि संध्याकाळी गल्लीत फिरायला लागलो.

पहिल्याच दिवशी गावात वार्ता पसरली की कसलीतरी योजना आली. दुसऱ्या दिवशी लोक स्वतःहून स्टुडिओत यायला लागले. एकानं आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स आणि रेशनकार्ड असं पिन मारून आणलं होतं. “सातबारा लागते काय?” हे मला निदान सहा जणांनी विचारलं. ज्यांची पोरं फिल्ममध्ये नव्हती ते रुसले. एक जण मात्र सहीच करेना. त्याच्या भावानं असाच कागद पुढे करून बांधाकडची जमीन लिहून घेतली होती म्हणे. त्याला मी चार वेळा समजावलं. शेवटी त्याची बायको म्हणाली, “आमच्या पोराचं तोंड काढून टाका त्याच्यातून, पन हे सही काई करत नाई.” ते खरंच काढावं लागलं. दोन सेकंदांचा शॉट होता, पोरगा दात पडलेला, हसताना. फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता शॉट.

तांड्यावरची तीन घरं ऊसतोडीला गेली होती. त्यांना व्हॉट्सअॅपवर फॉर्म धाडला. उसाच्या फडातून, कोणाच्या तरी मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून केलेल्या सह्यांचे फोटो रात्री अकराला आले. एका फोटोत कागदापेक्षा कोयता जास्त दिसत होता. मॅडम म्हणाल्या, चालेल.

या सगळ्यात संक्रांत आली. आणि करीच्या दिवशी सकाळी सकाळी मोबाइलवर दिसलं की अमेरिकेत एमी पुरस्कार चालू आहेत. खरं तर ते सप्टेंबरातच व्हायचे होते, पण लेखक आणि नट संपावर गेले, म्हणून 15 जानेवारी 2024 वर ढकलले. आपल्याकडे ती 16 ची सकाळ. पंचाहत्तरावा सोहळा होता. मी तिळगुळाचा डबा पुढ्यात घेऊन लोकांचे कोट आणि झगे बघत होतो आणि मनात एकच प्रश्न, यांनीपण सह्या गोळा केल्या असतील का?

त्या रात्री मॅडमना फोनवर विचारलं, हे एमी म्हणजे नेमकं कोण? मला वाटलं कुणाची तरी आजी असेल. त्या हसल्या. एमी म्हणजे कॅमेऱ्याचा पार्ट निघाला. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यात ‘इमेज ऑर्थिकॉन’ नावाची ट्यूब असायची, कॅमेरावाले तिला लाडानं ‘इमी’ म्हणायचे. बक्षिसाची मूर्ती बाईची ठरली, म्हणून इमीचं एमी झालं. पंख असलेली बाई, हातात अणू. 47 नमुने नापास झाल्यावर हा 48 वा पास झाला, तो लुई मॅकमॅनस नावाच्या माणसानं आपल्या बायकोला समोर ठेवून काढला होता. जगातलं टीव्हीचं सगळ्यात मोठं बक्षीस कॅमेऱ्याच्या एका नळीच्या नावावर आहे, हे ऐकून दारव्ह्याच्या फोटोवाल्याला किती बरं वाटलं असेल ते सांगता येत नाही.

पुढचं त्याहून भारी. पहिला एमी सोहळा 25 जानेवारी 1949 ला लॉस एंजेलिसमध्ये झाला, तिकीट 5 डॉलर, बक्षिसं फक्त त्याच शहरातल्या कार्यक्रमांना. आणि सर्वोत्कृष्ट टीव्ही व्यक्तिमत्त्वाचं बक्षीस गेलं शर्ली डिन्सडेल नावाच्या मुलीला. ती शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलायला लावणारी. बाहुलीचं नाव जूडी स्प्लिंटर्स. स्प्लिंटर म्हणजे लाकडाची ढलपी. मी मॅडमना म्हटलं, मग आपला चान्स आहे. पहिलं बक्षीस लाकडाच्या बाहुलीनं नेलं, आपण लाकडाचा बैल पाठवतोय.

आता संवादांची यादी. सगळ्यात जास्त वेळ हिनं खाल्ला. फिल्ममधलं प्रत्येक वाक्य, ते कितव्या मिनिटाला नि कितव्या सेकंदाला सुरू होतं, कधी संपतं, कोण बोललं, त्याचा अर्थ काय. पुण्यातल्या एका पोरानं आधी ते सॉफ्टवेअरमधून काढलं होतं. वऱ्हाडीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. डोळा डोया, काळा काया आणि पोळा पोया. सॉफ्टवेअरला ‘तान्हा पोया’ म्हणजे पोहे वाटले. पुढे त्याचं इंग्रजी यंत्रानंच केलं, त्यामुळे पहिल्या मसुद्यात आमची पोरं भाद्रपदात गल्लीभर कोवळे पोहे ओढत फिरत होती.

पुण्याच्या पोरानं अजून एक केलं होतं. आजी एका ठिकाणी म्हणते, “मी सकायी उठतो, बैलाले तेल लावतो.” त्यानं हे वाक्य आजोबांच्या नावावर टाकलं. त्याची चूक म्हणता येत नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. पण आजोबा वारून अकरा वर्षं झाली, आणि त्यांचा फोटो हार घालून आजीच्या मागेच भिंतीवर दिसतो. परीक्षकांनी काय समजावं?

मी रात्री स्टुडिओ बंद करून बसायचो. एक ओळ ऐकायची, वहीत वऱ्हाडीत लिहायची, खाली साध्या मराठीत लिहायची, वेळ टाकायची. मॅडम त्याचं इंग्रजी करायच्या. खाली पट्टीवर दोनच ओळी बसतात, एका ओळीत साधारण 42 अक्षरं, आणि वाचायला वेळ मिळाला पाहिजे. तिथं झडतीनं आम्हाला धरलं.

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी
महादेव रडे दोन पैशासाठी
पार्वतीच्या लुगड्याले छप्पन गाठी
देव कवा धावला गरिबासाठी
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

पोरगा हे एका दमात नऊ सेकंदांत म्हणतो. मॅडमचा पहिला प्रश्न, खोबऱ्याच्या वाटीचा पुढच्याशी काय संबंध? काही नाही, यमक जुळवायला आली ती. दुसरा प्रश्न, महादेव का रडतोय? पैसे नाहीत म्हणून. देवाकडे? हो, आमच्याकडचा देव तसाच आहे. छप्पन गाठींनी तर दोन तास खाल्ले. फाटलेलं लुगडं शिवायला दोरा नाही, म्हणून गाठी मारत मारत नेसलेलं, हे ‘गाठी’ या एका शब्दात आम्हाला दिसतं. इंग्रजीत नुसतं गाठी म्हटलं तर ती फॅशन वाटते. मॅडमनी शेवटी खोबऱ्याची वाटी काढून टाकली, यमक सोडलं आणि ‘पार्वतीची साडी चिंध्यांची’ अशा अर्थाचं काहीतरी बसवलं. छप्पन गेले. मला ते आजही लागतं. चौथी ओळ मात्र इंग्रजीत गेली तरी तिची धार कमी झाली नाही, हे कबूल करतो.

डीजेचं वेगळंच. आखरावर पोरं बैल घेऊन उभी असतात तेव्हा मागे डीजेवर सिनेमाचं गाणं दणदणत होतं. टीव्हीवर दाखवताना वाहिनीच्या करारात ते खपून गेलं. स्पर्धेच्या फॉर्मला वेगळं पान होतं, फिल्ममध्ये वाजलेल्या प्रत्येक गाण्याचं नाव, हक्क कुणाचा, किती सेकंद, परवानगीचं पत्र कुठे. मॅडमनी गाण्याच्या कंपनीला विचारलं. जो आकडा आला तेवढ्यात आमची सगळी फिल्म पुन्हा झाली असती. म्हणजे त्या 50 सेकंदांतलं गाणं उडवायचं. पण गाणं उडवलं की पोरांचा गलबला, चाकांची खडखड, सगळंच उडतं, कारण सगळं एकाच माइकमध्ये आलं होतं.

“मग फक्त चाकांचा आवाज परत रेकॉर्ड करा,” मॅडम म्हणाल्या.

भर पौषात मी पोरांना माळ्यावरून बैल काढायला लावले. सहा बैल, सिमेंटचा रस्ता, माझा माइक बांबूला बांधलेला. पहिल्या दिवशी कुत्री. दुसऱ्या दिवशी कापूस भरलेला ट्रॅक्टर मागे लागला आणि हलेना. बायका ओट्यावरून ओरडायच्या, “काऊन रे, पोयाले अजून आठ महिने हाय, आताच काऊन बैल काढले? अपशकून करता काय?” तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, थंडीत कुडकुडत, पोरांना चहा-टोस्ट कबूल करून आवाज मिळाला. सिमेंटवर लाकडी चाकाचा जो आवाज येतो ना, आधी खडखड आणि मग रस्त्याच्या जोडावर एक टक्क, तो माझ्या मते त्या फिल्ममधला सगळ्यात खरा आवाज आहे. सप्टेंबरच्या चित्राला जानेवारीचा आवाज लावलेला असूनही. डॉक्युमेंटरीत हे चालतं का, असं मी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, सगळे करतात. त्याच गडबडीत आठ वर्षांच्या त्या पोराच्या बैलाचं मागचं चाक तडकलं. मी म्हटलं, करून देतो. पोरगा काही बोलला नाही, बैल काखेत मारून घरी गेला.

आता आवाज आणि माझ्या कॅमेऱ्याचं मूळ शूटिंग पुण्याला पाठवायचं होतं. फाइल 19 जीबी. गावात रेंज ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, तीही रात्री. मी लॅपटॉप, पांघरूण आणि मच्छरची अगरबत्ती घेऊन गच्चीवर झोपलो. पहाटे उठून बघतो तर 71 टक्क्यांवर अडकलेलं. दुसऱ्या रात्री 30 टक्क्यांवरच लाइन गेली. तिसऱ्या दिवशी पेनड्राइव्हमध्ये टाकून, डब्यात कापूस भरून, पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात 200 रुपयांसह ठेवला. सकाळी मॅडमनी तो थांब्यावर घेतला. आमच्याकडची लोणच्याची बरणी, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आणि एमआरआयचे रिपोर्ट त्याच रस्त्यानं जातात.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 50 शब्दांत कार्यक्रम सांगा. मॅडमनी लिहून मला वाचून दाखवला. सुरुवात अशी, ‘शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात...’ मी म्हटलं, थांबा. फिल्ममध्ये आत्महत्या कुठे आहे? पोरगा आहे, बैल आहे, आजी आहे. आजोबा सत्तरीत म्हातारपणानं गेले. मॅडम म्हणाल्या, यवतमाळ म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला दुसरं काय माहीत असणार, त्याला धरायला काहीतरी लागतं. मी म्हटलं, मग त्याला बैलाची दोरी धरू द्या. आवाज माझा चढला होता. माझ्या स्वतःच्या घरात ते घडलेलं आहे, मोठे काका, 2006. म्हणून तर ते कुठल्याही रकान्यात शोभेला लावलेलं मला चालत नाही. मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग ते वाक्य काढलं.

अजून एक रकाना नावांचा. दिग्दर्शक, निर्माता, लेखक, वाहिनी. पुढे जागा संपली. दुसरा कॅमेरा आणि चाकांचा आवाज यांना ओळ नव्हती. मॅडमना वाईट वाटलं, त्या म्हणाल्या नियमच आहे. नियम असतात खरे. एमीतही कोणत्या कामाचं नाव पात्र, कोणतं अपात्र, याची मोठी यादी असते. त्याच जानेवारीत बातमी आली होती की अमेरिकेतल्या एका मोठ्या क्रीडावाहिनीनं एमीच्या अर्जात चक्क खोटी नावं घातली होती. अस्तित्वातच नसलेल्या माणसांच्या नावानं मूर्त्या मागवायच्या आणि नियमात न बसणाऱ्या आपल्या निवेदकांना द्यायच्या. उघडकीला आल्यावर तीसच्या वर मूर्त्या परत गेल्या. मी मॅडमना म्हटलं, बघा, तिकडे नसलेल्या माणसांना एमी मिळतो. त्यांना विनोद कळला, हसू मात्र आलं नाही.

एमीत कॅमेरा, एडिटिंग, साउंड यांचा सोहळाही वेगळा असतो, मोठ्या रात्रीच्या आधी. म्हणजे वाजंत्रीवाल्यांची पंगत वेगळी, हे जगभर आहे. ब्रिटनच्या बाफ्ता या सिनेमा-टीव्हीच्या बक्षिसाचा मुखवटा मला त्या मानानं प्रामाणिक वाटतो. समोरून नाटकवाल्याचा चेहरा, पण पाठीमागे एका डोळ्याभोवती इलेक्ट्रॉनिक्सची खूण आणि दुसऱ्याभोवती पडद्याची. 1955 साली मिट्झी कनलिफ या शिल्पकार बाईंनी केला. पाठीमागे का होईना, आमची खूण आहे.

शेवटच्या तारखेला रात्री बारापर्यंत अर्ज भरायचा होता, त्यांचे बारा. आपले पहाटेचे साडेचार. हे गणित उशिरा कळलं म्हणून वाचलो, कारण आमच्या बाराला एका संमतीपत्रावर सहीच नव्हती. मी रात्री एकला दार वाजवलं. घरधनी ओलितावर गेलेला, कारण पंपाची लाइन रात्रीची. शेतात जाऊन, हरभऱ्याच्या वाफ्यात बॅटरीच्या उजेडात सही घेतली. कागदाला चिखलाची बोटं लागली. तीच स्कॅन करून गेली.

मग चार महिने काहीच नाही. लग्नसराई होती, मीही विसरलो.

या मधल्या काळात कोण कसं ठरवतं हे थोडं वाचलं. ऑस्ट्रेलियात लोगी नावाचे पुरस्कार आहेत, टीव्हीच्या शोधकांपैकी एक असलेल्या जॉन लोगी बेअर्डच्या नावाचे, तिथं काही बक्षिसं लोकांच्या मतांवर ठरतात. म्युनिकला 1964 पासून मुलांच्या कार्यक्रमांची स्पर्धा भरते, दर दोन वर्षांनी, प्री झुनेस. तिथं आलेले कार्यक्रमवालेच एकत्र बसून एकमेकांचं बघतात, त्यावर वाद घालतात आणि मत देतात. मला ही पद्धत आवडली, आपल्या भजनस्पर्धेसारखी. आपल्या मराठी वाहिन्यांचे सोहळे मात्र घरच्याच लग्नात घरच्यांनीच केलेला आहेर. वाहिनी आपल्याच मालिकांना बक्षिसं वाटते, आणि तरी आमच्या घरात मतदानाच्या दिवसांत भांडणं होतात. आणि हे कळल्यावर तर चकितच झालो की गुजरातेत खेडा जिल्ह्यात, पिज गावच्या ट्रान्समीटरवरून 1975 पासून जो गावकऱ्यांचा टीव्ही चालायचा, त्याला पुढे युनेस्कोचं बक्षीस मिळालं होतं. खेड्यातल्या माणसांनीच बोलायचं, त्यांच्याच भाषेत. तिथं ळ चा य झाला तर कुणी पोहे केले नसतील.

मे महिन्यात मेल आला, शेवटच्या फेरीत निवड. गावात पेढे वाटले. मॅडमनी स्पर्धेच्या पुस्तिकेची लिंक पाठवली. आमच्या फिल्मचा फोटो सुंदर छापला होता, पोरगा आणि बैल, माझ्याच कॅमेऱ्यातला. खाली पहिली ओळ, ‘भारताच्या शेतकरी-आत्महत्यांच्या पट्ट्यातून आलेली...’

मी फोन केला. मॅडम शपथेवर म्हणाल्या, मी लिहिलं नाही, तिकडच्या पुस्तिका लिहिणाऱ्यानं जिल्ह्याचं नाव शोधून स्वतःच घातलं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांनी दुरुस्तीचा मेल केला, उत्तर आलं की पुस्तिका छापून झाली.

सोहळा जूनच्या पहिल्या आठवड्यात. निवडणुकीचे निकाल नुकतेच लागले होते, गाव अजून त्याच्यातच होतं. तिकडची संध्याकाळ साडेसात, म्हणजे आपले रात्रीचे अकरा. स्टुडिओतला मोठा टीव्ही मी घरच्या अंगणात आणला, मोबाइल जोडला. शाळांना सुट्ट्या, पोरं जागी. आजी, पोराची माय, सुतार, सह्या केलेले आणि न केलेले, असे पन्नासेक लोक. साडेदहाला वादळ सुटलं आणि लाइन गेली. स्टुडिओतली बॅटरी आणली, इन्व्हर्टर लावला, टीव्ही पुन्हा चालू होईपर्यंत तिकडे दोन बक्षिसं होऊन गेली होती. पोरं पेंगायला लागली. सूट घातलेला माणूस इंग्रजीत विनोद करायचा, तिकडे लोक हसायचे, इकडे आमचा सुतार हसायचा. त्याला म्हटलं, काय कळलं? म्हणे, “ते हासले म्हणून हासलो.”

आमच्या गटाचे पाच तुकडे एकामागून एक दाखवले. आमचा चौथा. पोरगा, बैल, सिमेंटचा रस्ता, मागून पाच बैल. मी नंतर मोजलं, सात सेकंद. त्या सात सेकंदांत त्यांनी सोहळ्याचं स्वतःचं संगीत लावलं होतं, व्हायोलिन. चाकांची खडखड नाही, टक्क नाही. पौषातल्या तीन सकाळी गेल्या त्या गेल्याच.

बक्षीस दुसऱ्या देशाच्या फिल्मला गेलं. मॅडम टाळ्या वाजवताना क्षणभर दिसल्या, साडीत. माझ्या बायकोनं ती साडी ओळखली, इथल्याच पोळ्याला नेसली होती म्हणे. लोक उठले, कुणी खुर्च्या घडी केल्या. पोरगा केव्हाच मायच्या मांडीवर झोपला होता, त्याला तसंच उचलून नेलं.

सकाळी मी टीव्ही परत नेत होतो तेव्हा तो दारात उभा. काखेत बैल.

“काका, माहा बैल दिसला काय?”

“दिसला ना. पूर्ण दिसला.”

मागून आजी म्हणाली, “दिसला, पन आवाज नाई आला त्याचा. पिपाणी वाजवून राह्यले होते कायची तं.”

पोरानं बैल उलटा करून माझ्यापुढे धरला. मागचं चाक, जानेवारीतली ती तड आता पार आसापर्यंत गेलेली. “हे तुमीच मोडलं. पोयाच्या आंधी करून देतो म्हणे.”

टीव्ही तसाच गाडीत ठेवून आम्ही दोघं सुताराकडे गेलो. त्यानं चाक बोटानं दाबून बघितलं, म्हणाला हे सांधून काही टिकत नाही, नवीन करावं लागते. 80 रुपये. आणि जुनं सागवान हवं असेल तर आठ दिवस थांबा.